चार साधनं होती तरी विस्तव पेटेना: एका भिजलेल्या मुक्कामाचं प्रकरण

हे प्रकरण आमच्याच घरातलं आहे, ऐकीव नाही, आणि त्यात शहाणपणा फारसा कुणी केलेला नाहीये, त्यामुळे जसं झालं तसं लिहितो. प्रश्न साधाच आहे, जंगलात मुक्कामाला जाताना आग पेटवायला नक्की काय न्यायचं. पण त्याचं उत्तर जे आम्ही घरी बसून ठरवलं होतं ते एका संध्याकाळीत पूर्ण उलटंपालटं झालं.

माणसं तीन. मी, माझा आतेभाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. उंचावरचं पाइनचं जंगल, दोन दिवसांची चाल, मधे तंबूत एक मुक्काम. नवखं कुणीच नव्हतं, उलट दादा तर सामान भरताना लिस्ट घेऊन बसणारा माणूस. त्याच्याच लिस्टप्रमाणे आमच्याकडे पेटवायची साधनं चार होती: गॅसच्या छोट्या स्टोव्हला असलेलं खटकन दाबायचं पिझो बटण, माझा जेट लायटर (निळ्या ज्योतीचा, वाऱ्यात विझत नाही म्हणून हौसेने घेतलेला), झिपच्या पिशवीत एक काडेपेटी, आणि दादाचा नवा कोरा फेरो रॉड. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, फेरो रॉड म्हणजे काळी धातूची कांडी, तिच्यावरून पातं जोरात ओढलं की ठिणग्यांचा पाऊस पडतो. चार साधनं म्हणजे चौपट सेफ, असा आमचा हिशोब. हिशोब चुकीचा होता, पण तो कुठे चुकला ते कळायला घरी आल्यावर अजून दोन आठवडे गेले.

दुपारी बारापासून पाऊस लागला. जोराचा नाही, ती भुरभुर असते ना जी कपड्यात कधी शिरली ते कळतच नाही, तशी. पावणेपाचच्या सुमारास एक ओढा ओलांडताना वहिनींचा पाय घसरला आणि त्या कमरेपर्यंत पाण्यात गेल्या, सॅकही निम्मी बुडाली, आणि सॅकच्या आत प्लास्टिकची मोठी पिशवी घालायची असते ती त्यांनी "पाऊस कुठे एवढा आहे" म्हणून घातली नव्हती, म्हणजे स्लीपिंग बॅग आणि बदलायचे कपडे दोन्ही ओलेगच्च. माझ्या सॅकच्या चेनला छोटा थर्मामीटर असतो, त्यावर ४ अंश. अंधार पडायला तास-दीड तास.

पाच वाजता सपाट जागा बघून ताडपत्री ताणली आणि ठरवलं की आधी स्टोव्ह लावू, पाणी गरम करू, मग बाकीचं. बटण दाबलं. खट. खट. खट. गॅसचा सूं आवाज येतोय पण ठिणगी नाही. दादा म्हणाला, "तुझा लायटर दे रे." माझा लायटर पँटच्या खिशात, खिसा भिजलेला. त्याचाही तोच प्रकार, नुसता खट आवाज आणि गॅस तर असा मरतुकडा की कानाला लावला तरच ऐकू येईल. मग काडेपेटी काढली. झिपची पिशवी एका कोपऱ्यातून बोटभर उघडी राहिली होती, काड्या सादळल्या होत्या आणि पेटीची ती तपकिरी पट्टी, जिच्यावर काडी ओढायची, ती अंगठा फिरवला तर चिखलासारखी हाताला आली.

राहिला फेरो रॉड. दादाने तो खिशातून काढला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर खरं सांगायचं तर थोडा आनंदच होता, की बघा, म्हणलं होतं ना. आणि इथून पुढची पंचवीस मिनिटं आम्ही जे केलं ते लिहायला लाज वाटते. आधी तर ठिणगीच पडेना, कारण नव्या रॉडवर काळा रंगाचा थर असतो, गंज चढू नये म्हणून दिलेला, तो खरवडून काढल्याशिवाय धातू उघडा पडत नाही, आणि दादाने तो घरी एकदाही वापरून पाहिला नव्हता. सोबत आलेली पत्र्याची पट्टी बोथट. चाकूची पाठ गोल घासलेली, तिला धारदार काटकोन नाही, त्यामुळे ती रॉडवरून नुसती घसरते. शेवटी चाकूच्या धारेनेच खरवडलं (चाकूची वाट लागली ती वेगळीच). मग ठिणग्या पडायला लागल्या, चांगल्या पडल्या, पांढऱ्याशुभ्र, आणि आम्ही त्या कशावर पाडत होतो तर ओलसर पाइनच्या सुयांवर. मग टिश्यू पेपरवर, तोही दमट. मग वहीच्या पानावर. ठिणगी पडायची, चर्र व्हायचं, काळा ठिपका उठायचा, संपलं. दादाची बोटं इतकी बधिर झाली होती की पातं दोनदा हातातून निसटून चिखलात पडलं आणि ते शोधण्यात अजून वेळ.

या सगळ्यात वहिनी ओल्या कपड्यांत उभ्या होत्या. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय. आधी त्यांना नुसती हुडहुडी भरली होती, मग त्या गप्प झाल्या, मग मी काहीतरी विचारलं तर उत्तर जड जिभेने, शब्द चावून चावून आलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याची सुरुवात ओळखायची खूण हीच, माणूस अडखळतो, पुटपुटतो, हातातल्या वस्तू पडतात, उगाच चिडतो. म्हणलं, "वहिनी, आधी कपडे बदला, माझे घ्या, ते कोरडे आहेत." माझं फ्लीस, माझी कोरडी पँट, टोपी, आणि माझी स्लीपिंग बॅग. हे पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवं होतं, पाऊण तासाने नाही. आग हे पहिलं काम नव्हतंच, पण चार साधनं खिशात असली की माणूस ती चालवूनच बघत बसतो.

स्लीपिंग बॅगमध्ये शिरल्यावर दहा-बारा मिनिटांनी आतूनच आवाज आला, "अहो, गॅस सोडा आणि त्याच्यावर उडवा ना ठिणगी."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. स्टोव्ह तिथेच होता. सिलिंडर भरलेला होता. पिझो बटण बिघडलं म्हणून आम्ही स्टोव्हच बाद केला होता आणि तो बाजूला ठेवून ओल्या पानांशी झटापट करत होतो. दादाने रॉडचं टोक बर्नरला टेकवलं, मी गॅस अगदी थोडा, पाव आटा सोडला, त्याने पातं धरून रॉड मागे ओढला, आणि पहिल्याच ओढीत भक्क करून निळी ज्योत. सहाला दहा कमी होते. म्हणजे पन्नास मिनिटं, आणि त्यातलं शेवटचं काम दोन सेकंदांचं.

(असं करायचं असेल तर चेहरा लांब ठेवा, हात बाजूने आणा, आणि गॅस सोडला की लगेच ठिणगी द्या, सोडून विचार करत बसू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साठून राहतो आणि मग एकदम पेटतो. आणि तंबूच्या आत तर नाहीच नाही, तिथे आगीची भीती आहेच शिवाय कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, ज्याला वासही नसतो. आमची ताडपत्री चारही बाजूंनी उघडी होती.)

पाणी गरम केलं, जाड बाटलीत भरलं, बाटलीवर मोजा चढवला आणि ती वहिनींना छातीशी धरायला दिली. प्यायलाही कोमट पाणी दिलं. अर्ध्या तासात त्यांचं बोलणं सरळ झालं आणि पहिलं सरळ वाक्य दादासाठी होतं, ते इथे लिहीत नाही.

एक गोष्ट राहिली. दादाला त्या रॉडचा सूड घ्यायचाच होता. हात जरा शेकून झाल्यावर तो टॉर्च घेऊन गेला आणि एका मेलेल्या पाइनच्या खुंटातून लाकडाचा तुकडा तोडून आणला, नारिंगी-तांबूस, हाताला जड, टर्पेंटाइनचा उग्र वास मारणारा. मेलेल्या झाडाच्या बुंध्यात राळ साठून लाकूड असं होतं. त्याने ते चाकूने उभं धरून खरवडलं, ढलपे नाही, अगदी बारीक भुसा, नखाएवढा ढीग, चिकट. त्यावर एक ठिणगी पडली आणि तो ढीग काजळी सोडत तेलासारखा जळायला लागला. त्याच पावसात, तोच रॉड, तेच हात. उभ्या झाडांना लटकलेल्या मेलेल्या काटक्या तोडून आणल्या (जमिनीवरच्या नाही, त्या स्पंजासारख्या भिजलेल्या असतात), त्यातल्या जाड होत्या त्या चिरून आतला कोरडा भाग वर केला आणि पावणेसातला शेकोटी लागली.

आता खरा किस्सा दुसऱ्या दिवशीचा. दुपारी ऊन पडलं, एका मोठ्या खडकावर आम्ही सगळं सामान वाळत टाकलं, आणि मी सहज लायटरचं बटण दाबलं. पहिल्या खटक्याला पेटला. स्टोव्हचं पिझो, पहिल्या खटक्याला ठिणगी. दोन्हीत बिघडलेलं काहीच नव्हतं. काडेपेटी तेवढी मेली होती. म्हणजे दुकानात तपासलं असतं तर शंभर टक्के चांगला माल, घरी ओट्यावर तपासला तर चांगला माल, आणि ज्या पन्नास मिनिटांसाठी घेतला होता त्या पन्नास मिनिटांत नेमका ठप्प. मला वाटतं आपण जेव्हा "हा लायटर रिलायबल आहे का" विचारतो तेव्हा प्रश्नच अर्धवट विचारतो. कुठल्या हातात, किती ओला, किती अंशाला, आणि कशाला लावायचाय, एवढं सगळं त्या प्रश्नात धरावं लागतं.

मग घरी येऊन एकेकाचं पोस्टमॉर्टेम केलं.

पिझो म्हणजे काय तर आत एक छोटा स्फटिक असतो, त्यावर स्प्रिंगची हातोडी बसते आणि क्षणभर हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, तो तारेच्या टोकापासून बर्नरपर्यंत हवेतून उडी मारतो, ती आपली ठिणगी. पण मधे पाण्याची पातळ फिल्म असेल तर वीज उडी कशाला मारेल, ती ओल्या पृष्ठभागावरूनच निघून जाते. खट आवाज येतो कारण हातोडी बसतेय, ठिणगी मात्र नाही. आणि लक्षात घ्या, स्टोव्हचं बटण आणि माझा जेट लायटर, दोन्हीत हाच पार्ट. म्हणजे आमची पहिली दोन साधनं दिसायला दोन होती, मरायला एकच.

जेट लायटरला अजून एक दुखणं. त्यातला गॅस म्हणजे ब्युटेन, तो उणे ०.५ अंशाला उकळतो, म्हणजे त्याच्या खाली तो द्रवच राहतो आणि गॅस म्हणून बाहेर यायला तयार नसतो. ४ अंशाला तो जेमतेम त्या रेषेच्या वर आहे, दाब अगदी नावापुरता, आणि जेट लायटरला तर जास्त दाब लागतो कारण गॅसच्या जोरावरच त्याला हवा ओढून मिसळायची असते. साधा पिवळ्या ज्योतीचा लायटर त्याच थंडीत मरगळतो पण पेटतो. काही लायटरात आयसोब्युटेन मिसळलेला असतो, तो उणे ११.७ पर्यंत चालतो, पण आपल्या हातातल्यात किती मिसळलाय हे कुणी लिहून देत नाही. उपाय फुकटचा आहे, लायटर दोन-तीन मिनिटं काखेत धरायचा. आम्हाला तो माहीत होता. सुचला नाही. घाबरलेल्या माणसाला माहीत असलेल्या गोष्टी सुचत नाहीत हे पण एक फाइंडिंगच धरा.

काडेपेटीचं दुखणं तर तिच्या जन्मातच आहे. सेफ्टी मॅचची कल्पनाच अशी की पेटायला लागणारी दोन द्रव्यं वेगळी ठेवायची, काडीच्या डोक्यात पोटॅशियम क्लोरेट आणि लाल फॉस्फरस पेटीच्या पट्टीवर, स्वीडनच्या गुस्ताफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये याचं पेटंट घेतलं. खिशात आपोआप पेटू नये म्हणून केलेली युक्ती, आणि उत्तमच युक्ती आहे, पण त्याचा अर्थ असा की पट्टी गेली की शंभर कोरड्या काड्या म्हणजे शंभर दात कोरायच्या काड्या. वादळी काड्या मिळतात, लांब डोक्याच्या, त्या वाऱ्यापावसात दहा-पंधरा सेकंद जळत राहतात, चांगल्या असतात, पण पट्टीचा प्रश्न त्यांनाही तोच. न्यायच्याच असतील तर पट्टीचे दोन-तीन तुकडे कापून वेगळे, घट्ट झाकणाच्या डबीत.

आणि आता तो रॉड, ज्याला आम्ही पंचवीस मिनिटं शिव्या घातल्या. त्या दिवशी चारांपैकी खऱ्या अर्थाने चालणारं साधन ते एकटंच होतं. फेरोसेरियम हा मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी काढला, पेटंट १९०३ चं, सेरियमसारख्या धातूंमध्ये लोखंड मिसळून केलेला. त्यातला सेरियम खरवडला गेला की हवेत आपोआप पेटतो, लोखंड त्याला कडकपणा देतं. ठिणगी ३००० अंशांच्या आसपास जाते. भिजला तरी पुसायचा आणि ओढायचा, त्यात विझण्यासारखं, सांडण्यासारखं काही नाहीच. मजा म्हणजे साध्या लायटरच्या चाकाखाली जो "दगड" असतो तो दगड नसतोच, तोही फेरोसेरियमचाच बारका तुकडा. जुनी चकमक वेगळी, तिच्यात गारगोटीने पोलादाचा कण खरवडून निघतो आणि तो तापून लाल होतो, ती ठिणगी इतकी थंड असते की जळका कापूस नाहीतर विशिष्ट बुरशी असेल तरच धरते. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात जो पाच हजार वर्षांपूर्वीचा गोठलेला माणूस सापडला, ओत्झी म्हणतात त्याला, त्याच्या सामानात ती बुरशी होती, आणि शिवाय भूर्जाच्या सालीच्या डब्यात निखारे ठेवल्याच्या खुणाही होत्या. म्हणजे तो गृहस्थ पण एकाच साधनावर विसंबून नव्हता!

मग ३००० अंशांची ठिणगी ओल्या सुयांवर का मेली? कारण तापमान वेगळं आणि उष्णता वेगळी. ठिणगी प्रचंड गरम पण केवढी, धुळीच्या कणाएवढी. आणि पाणी हे उष्णता खाणारं भूत आहे, शून्य अंशाचं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या पाचपटीहून जास्त त्याची वाफ करायला लागते. ओल्या पानावर ठिणगी टाकणं म्हणजे ती सगळी उष्णता त्या ओलीलाच अर्पण. ठिणगीला असं काहीतरी पाहिजे जे तिच्या एवढ्याशा उष्णतेत पेट घेईल, बारीक तंतू, राळेचा भुसा, किंवा गॅस. गॅस तर आधीच हवेत मिसळलेला, त्याला तोडायला-सुकवायला काही नको. आमच्याकडचं सगळ्यात उत्तम पेटवण सॅकमध्येच होतं, आम्ही त्याला स्टोव्ह म्हणत होतो म्हणून दिसलं नाही.

तर हिशोब कुठे चुकला? आम्ही साधनं मोजली, मरायची कारणं मोजली नाहीत. पिझो पाण्याने गेला, दुसरा पिझो पाण्याने गेला, पट्टी पाण्याने गेली, पेटवण पाण्याने गेलं. एक पाऊस, चार बळी. बॅकअप म्हणजे अजून एक वस्तू नाही, वेगळ्या कारणाने मरणारी वस्तू. पहिली पाण्याने मरत असेल तर दुसरी पाण्याने मरणारी नको. आणि दोन्ही एकाच खिशात नको, आणि एकाच माणसाकडे तर मुळीच नको, कारण वहिनींची सॅक वाहून गेली असती तर?

दुसरं मोजलं नव्हतं ते हात. थंड पाण्यात पडलेल्या माणसाबद्दल थंडीचा शरीरावर काय परिणाम होतो ते अभ्यासणारे कॅनडाचे गॉर्डन गिसब्रेख्त १-१०-१ असा ठोकताळा सांगतात, पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. तो पाण्यातच असलेल्या माणसासाठी आहे, आम्ही बाहेर होतो, तरी मधला आकडा डोक्यात राहिला. शुद्ध असते, अक्कल असते, पण बोटं गेलेली असतात. म्हणून घरी एक टेस्ट केली. बादलीत बर्फाचं पाणी, त्यात हात तीन मिनिटं (दुखतं, आधीच सांगतो, आणि ज्यांना रक्ताभिसरणाचा किंवा हृदयाचा काही त्रास आहे त्यांनी हे करू नये), बाहेर काढून लगेच एकेक साधन.

साधा चाकाचा लायटर, कोरडा: अंगठा चाकावर फिरेना. चाकावर ती पत्र्याची पट्टी असते ना, लहान मुलांनी पेटवू नये म्हणून, तिच्यावरून अंगठा नुसता घसरत होता. सातव्या-आठव्या प्रयत्नाला पेटला. भिजवलेला लायटर: ठिणगीच नाही. जोरात झटकला, चाकात फुंकर मारली, मग चाक पँटच्या मांडीवर दाबून रखडत नेलं, पंधरा-वीस वेळा, आणि दोन मिनिटांत पेटला. म्हणजे पाण्याने हा पण मरतो पण परत जिवंत होतो, आणि काय केल्याने होतो ते उघड्या डोळ्यांना दिसतं, पिझोसारखं आत बंद कोडं नाही. छोटा फेरो रॉड, त्या दोरीच्या ब्रेसलेटमध्ये असतो तो, काडीएवढा: धरताच येईना, दोनदा टाकला, विषय संपला. मोठा रॉड, १० मिलिमीटर जाड आणि १० सेंटिमीटर लांब, लाकडी मुठीचा: मुठीत धरला, बोटांची गरजच पडली नाही, मनगटाने आणि खांद्याने ओढला, पहिल्याच झटक्याला ठिणग्या. इथे एक बारकावा, पातं पुढे ढकलायचं नाही, पातं पेटवणावर स्थिर धरायचं आणि रॉड मागे ओढायचा, नाहीतर हात पुढे जाऊन तोच ढीग उधळतो. दादाने त्या संध्याकाळी दोनदा उधळला होता.

बाकी साधनांवर फार वेळ घालवला नाही. भिंग ढगाळ हवेत पेपरवेट. चार्जवाला आर्क लायटर, ज्यात दोन टोकांच्या मधे विजेची ठिणगी चालू राहते, थंडीत बॅटरी टाकतो आणि त्या टोकांच्या मधे मावेल तेवढंच पेटवतो. वातीच्या लायटरातलं इंधन न वापरता पण काही दिवसांत उडून जातं, ऐनवेळी कोरडा. मॅग्नेशियमची वडी चांगली जळते, पण बधिर हाताने तिचा कीस पाडायचा आणि तो वाऱ्याने उडू द्यायचा नाही, हे ज्याला जमेल त्याला दंडवत. लाकडावर लाकूड घासून पेटवणं ही कला आहे, शिका जरूर, पण संध्याकाळी पाऊस पडत असताना तिच्यावर जीव टांगू नका.

पेटवणावर मात्र सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि तो वसूल झाला. कापसाच्या बोळ्याला पेट्रोलियम जेली चोळायची, पूर्ण बरबटायचा नाही, आतले काही तंतू कोरडे राहिले पाहिजेत. वापरताना तो फाडून पिंजायचा, तंतू उभे राहिले की ठिणगी धरतात आणि मग जेली मेणबत्तीसारखी जळत राहते, एक बोळा चार-पाच मिनिटं सहज. कापूस खरा पाहिजे, कृत्रिम धाग्याचा वितळतो, पेटत नाही. वरून पाणी शिंपडून पाहिलं, बाहेरचं पाणी झटकलं आणि पिंजला, पेटला. दुसरं, सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर पट्टा, हा ठिणगीने नाही धरणार, ज्योतच लागते, पण एकदा धरला की चिंब ओला असला तरी जळतो. धूर घाणेरडा, तोंड बाजूला ठेवा.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगतो आणि थांबतो. तिघांच्याही गळ्यात दोरीला एक छोटी घट्ट डबी, शर्टाच्या आत, अंगाच्या उबेत, तिच्यात पारदर्शक अंगाचा साधा चाकाचा लायटर (गॅस किती उरलाय ते दिसतं) आणि जेलीचे तीन बोळे. चाकावरची पत्र्याची पट्टी काढून टाकली, घरात लहान मूल असेल तर असा लायटर कुठे ठेवताय ते बघा. लायटरच्या खटक्याखाली एक बारीक प्लास्टिकची टाय, म्हणजे दाबला जाऊन गॅस गळत नाही. बाहेरून ट्यूबचा पट्टा गुंडाळलेला. जाड रॉड स्टोव्हच्या भांड्याच्या पिशवीला बांधलेला, कारण त्याचा पहिला उपयोग स्टोव्ह पेटवायलाच. समुद्राकाठी गेलो तर परत आल्यावर तो गोड्या पाण्याने पुसून तेलाचा हात देतो, खारट ओलीत फेरोसेरियम पांढरी पूड होऊन भुगा होतो. जेट लायटर मी फेकला नाही, घरात गॅसच्या शेगडीजवळ आहे, तिथे तो बिचारा उत्तम चालतो.

आणि सामान भरताना दादाची लिस्ट अजून असते, फक्त आता प्रत्येक साधनापुढे "कशाने बंद पडेल" असा एक रकाना आहे आणि तो भरायचं काम वहिनींकडे. स्वतःची डबी त्या कुणाला बघायला पण देत नाहीत. मागच्या वेळी पहिल्या मुक्कामावर दादाला त्यांनी डाव्या हाताने, ओला मोजा घालून स्टोव्ह पेटवायला लावला, पाचव्या ओढीला पेटला. त्याच्या जुन्या रॉडवर अर्धा काळा रंग अजून तसाच आहे, विचारलं तर म्हणतो, तेवढा भाग शोसाठी.